एम्प्लॉयमेंटचं कार्ड ते महास्वयम : सोलापुरात नोंदणी आणि ट्रेनिंग एकत्र यायचं घोडं कुठे अडलंय

नाव नोंदणी, ट्रेनिंग आणि धंद्यासाठी कर्जाची माहिती हे सगळं एकाच ठिकाणी मिळालं पाहिजे असं आता सगळेच म्हणतात, आणि पुणे विभागातल्या जिल्ह्यांचा डेटा एकमेकांना जोडा, म्हणजे सोलापूरच्या पोराला पुणे, कोल्हापूर, सांगलीतली जागा घरबसल्या दिसेल, हेही बोललं जातं. मागणी रास्तच आहे. पण हे सगळं वेगवेगळं झालं कसं ते आधी बघायला पाहिजे, कारण सुरुवातीला ते एकत्रच होतं.

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा फौजेतून सुटणाऱ्या लाखो जवानांचं करायचं काय हा प्रश्न होता, त्यासाठी जुलै १९४५ मध्ये केंद्रात पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय निघालं. काम शोधून देणं आणि काम शिकवणं ही दोन्ही कामं त्याच्याकडेच. फाळणीनंतर निर्वासितांसाठी त्याचीच एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, म्हणजे रोजगार नोंदणीची ऑफिसं, वापरली आणि १९४८ पासून ती सगळ्यांना खुली झाली. १९५० ला कारागीर प्रशिक्षण योजना आली, आपल्या आयटीआय तिच्यातूनच उभ्या राहिल्या. मग शिवा राव समितीच्या शिफारशीवरून १ नोव्हेंबर १९५६ पासून रोजचा कारभार राज्यांकडे गेला.

सोलापूरची गोष्ट मात्र याच्याही आधी सुरू होते. जुनी मिल १८७७ ची, नंतर विष्णू आणि लक्ष्मी मिल आल्या, नरसिंग गिरजी आली, आणि मिलमध्ये कोणाला घ्यायचं ते जॉबर, म्हणजे मिलमधला मुकादम, ठरवायचा. बदली कामगार सकाळी गेटवर उभे राहणार, आत कोणी गैरहजर असेल तर जॉबर ज्याच्याकडे बोट दाखवेल तो आत, बाकीचे घरी. ओळख, नातं, गाव, कधी चिरीमिरी, सगळं चालायचं. हे मोडायला मुंबई सरकारने १९४९-५० च्या सुमारास मुंबई, अहमदाबाद आणि सोलापूर या तीन गिरणी शहरांत डीकॅज्युअलायझेशन स्कीम आणली, म्हणजे बदली कामगारांची सरकारी यादी करायची आणि मिलने माणूस लागला की त्या यादीतून घ्यायचा. मला हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा वाटतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. स्कीम कायद्याची नव्हती, मिलवाल्यांच्या राजीखुशीवर होती, पण कामगार, सरकारी ऑफिस आणि काम देणारा हे तिघं एका यादीवर आले होते. आज ज्याला इंटिग्रेशन म्हणतात त्याचा गाभा हाच ना?

पुढे कायदा आला, १९५९ चा, रिक्त जागा सक्तीने कळवण्याचा, आणि तो लागू झाला १ मे १९६० पासून, म्हणजे बरोब्बर महाराष्ट्र झाला त्याच दिवशी. नाव ऐकून वाटतं की आता सगळ्या नोकऱ्या एम्प्लॉयमेंटमधूनच जाणार. तसं नव्हतं. जागा कळवायची सक्ती होती पण ऑफिसने पाठवलेलाच माणूस घ्यायची सक्ती नव्हती, प्रायव्हेटमध्ये २५ किंवा जास्त माणसं असतील तरच कायदा लागू, आणि नाही कळवलं तर पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त ५०० रुपये, पुढच्या वेळी १०००.

आता हा २५ चा आकडा सोलापूरच्या पूर्व भागात नेऊन बघा. जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात, आणि शहराचा पोटापाण्याचा भार गेला तो चादर-टॉवेलच्या पॉवरलूमवर, विडीवर आणि अलीकडे युनिफॉर्म शिवणाऱ्या गारमेंटवर. एका शेडमध्ये थोडे माग, मालकाच्याच घराला लागून, कामगार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विडी तर बायका घरी बसून वळतात, कारखान्यातून पानं-तंबाखू आणायची आणि वळून परत द्यायची. यातलं जवळपास काहीच या कायद्यात बसत नव्हतं. माणूस कामाला लागतो तो मेहुण्याच्या नाहीतर शेजाऱ्याच्या शब्दावर, मालकाकडून उचल घेऊन, आणि शिकतो कांडी भरण्यापासून, शेजारच्या मागावर बघून बघून. म्हणजे ज्या कामावर हे शहर जगतं ते काम सरकारी रजिस्टरमध्ये कधी आलंच नाही, तिथे फक्त काम मागणारे आले.

आणि ते रांगा लावून आले. दहावी-बारावी झाली की एम्प्लॉयमेंटमध्ये नाव टाकणं हे मुंज-लग्नासारखं ठरलेलं काम होतं. एक्स-टेन कार्ड, त्यावर नोंदणी नंबर, शिक्षण, रिन्यूअलच्या तारखेचा शिक्का, दर तीन वर्षांनी रिन्यू करायचं, चुकलं की सिनियॉरिटी गेली. लोक ते प्लास्टिकच्या पाकिटात टीसीबरोबर जपून ठेवायचे. ऑफिसात दुसरं कार्ड, एक्स-वन, व्यवसायाच्या कोड नंबरप्रमाणे लावलेलं. सरकारी ऑफिस, बँक, एसटी कुठून मागणी आली की सिनियॉरिटीने नावं जायची आणि घरी कॉल यायचा. त्या कॉलची वाट बघण्यात कितीतरी जणांची वर्षं गेली. १९९६ ला सुप्रीम कोर्टाने मलकापट्टणम एक्साइज केसमध्ये सांगितलं की एम्प्लॉयमेंटकडून नावं मागवाच पण पेपरात जाहिरातही द्या, बाकीच्यांनाही संधी द्या. न्यायाने ते बरोबरच होतं, पण कार्डाचं वजन तिथून उतरलं ते उतरलंच.

या काळात ट्रेनिंगने दुसरीच वाट धरली होती. १९६१ चा अप्रेंटिस कायदा, १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रं, १९८४ ला राज्यात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय वेगळं झालं आणि आयटीआय त्याच्याकडे, बँकांच्या आरसेटी, म्हणजे स्वयंरोजगार शिकवणाऱ्या संस्था, नंतर आल्या, पॉवरलूमचं सर्व्हिस सेंटर वस्त्रोद्योग खात्याचं, विडी कामगारांचं कल्याण केंद्र सरकारच्या कामगार खात्याकडे. विजापूर रोडच्या आयटीआयमधून फिटर होऊन निघालेला पोरगा नोंदणीला दुसऱ्या खात्याच्या दारात जाणार, आणि दोन्ही खात्यांचे कागद एकमेकांना कधी भेटणार नाहीत. चिंचोली किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत फिटर हवा असला तरी ते तिसऱ्याच कागदावर.

२०१५ च्या आसपास राज्याने हे सगळं कौशल्य विकास विभागाखाली आणायला घेतलं, जुन्या ऑफिसचं नाव झालं जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र, आणि महारोजगार, स्किल सोसायटी, महास्वयंरोजगार अशी जी तीन पोर्टलं होती त्यांचं मिळून महास्वयम हे एकच पोर्टल झालं. केंद्रात त्याच वर्षी उलटं घडलं. ट्रेनिंग आणि अप्रेंटिस कामगार मंत्रालयातून काढून नव्या कौशल्य मंत्रालयाला दिलं, रोजगार कामगार मंत्रालयातच राहिला आणि त्याचं नॅशनल करिअर सर्व्हिस हे वेगळं पोर्टल जुलै २०१५ मध्ये आलं. खाली जोडणी आणि वर फाटणी, त्यामुळे पोरांना दोन-दोन ठिकाणी नावं टाकावी लागतात.

सोलापूरला अजून एक अडचण आहे, ती म्हणजे हद्द. कागदोपत्री आपण पुणे विभागात, पण कामाचा माणूस विजापूर, कलबुर्गीकडूनही येतो आणि तिकडची नोंदणी कर्नाटकच्या यंत्रणेत. विभाग जोडायचा तर नुसते पुणे विभागाचे जिल्हे जोडून सोलापूरचं चित्र पूर्ण होणार नाही.

२०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, कामाच्या जागी शिकणाऱ्या बारावीवाल्याला महिना ६००० रुपये, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, पदवीधराला १०,०००, मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती ११ केली. यात पोरगा, शिकणं आणि प्रत्यक्ष कामाची जागा एकाच नोंदणीवर आली, आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे, फक्त मुदत संपल्यावर तिथेच ठेवून घ्यायची सक्ती कोणावर नाही. १९५९ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या जागी करिअर सेंटर हा शब्द आलाय, पण लहान आस्थापनांना जागा कळवण्यातून सूट तिथेही आहे. म्हणजे पूर्व भागातली शेड अजून यादीच्या बाहेरच, आणि तिला आत आणायचं तर ७५ वर्षांपूर्वी मिलमालकांना जसं बसवलं होतं तसं यंत्रमागधारकांच्या संघटनेला आणि गारमेंटवाल्यांना जिल्ह्याच्या मार्गदर्शन केंद्राच्या टेबलाशी बसवावं लागेल, ते पोर्टलने होणारं काम नाही.