धावणाऱ्याचे पाऊल आणि गाण्याचा ठेका

मुंबई मॅरेथॉनचे दिवस जवळ आले की धावणाऱ्यांच्या गटांमध्ये गाण्यांच्या याद्या फिरू लागतात आणि त्यांच्या मागोमाग इथिओपियाच्या हाइले गेब्रसेलासीची गोष्टही येते. फेब्रुवारी 1998 मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदिस्त स्टेडियममध्ये त्याने 2000 मीटर अंतर 4 मिनिटे 52.86 सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला. त्या वेळी ध्वनिक्षेपकावर स्कॅटमन जॉनचे एक गाणे वाजत होते आणि ते त्याच्याच आग्रहावरून लावले होते, असे सांगतात. इथपर्यंत ठीक आहे. पण पुढे हमखास जोडले जाते की, त्या गाण्याचा ठेका त्याच्या पावलांशी तंतोतंत जुळत होता, म्हणूनच विक्रम झाला.

हा दावा कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतो. गाण्याची लय मिनिटाला सुमारे 136 ठोक्यांची आहे. गेब्रसेलासीचा वेग मिनिटाला जवळपास 410 मीटर होता. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल पडले असते, तर ते पाऊल तीन मीटर लांबीचे असायला हवे होते, आणि जेमतेम 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला दोन हजार मीटर अंतरभर ते शक्य नाही. दोन ठोक्यांत तीन पावले, म्हणजे मिनिटाला 204 पावले, असा दीडपटीचा हिशेब मांडला तर पावलाची लांबी दोन मीटर येते आणि ती पटण्याजोगी आहे. पण तो तसाच धावला असे यावरून सिद्ध होत नाही. गाण्याने त्याला हुरूप दिला असेल. ‘ठोक्याला पाऊल’ ही गोष्ट मात्र तिथे घडलेली नाही.

तरीही ठोक्याला पाऊल ही कल्पना भाकड नाही. ती कुठे लागू पडते आणि कुठे कोलमडते, हे समजण्यासाठी धावण्याच्या वेगाची फोड करावी लागते. वेग म्हणजे मिनिटाला पडणारी पावले, म्हणजेच धावणाऱ्यांच्या बोलीतला केडन्स, गुणिले पावलाची लांबी. हौशी धावपटू ताशी 10 किलोमीटरवरून 12 किलोमीटरवर जातो, तेव्हा त्याचा केडन्स थोडासाच वाढतो आणि बराचसा फरक पावलाच्या लांबीतून येतो. याचे कारण पायाच्या रचनेत आहे. जमिनीवर टेकलेला पाय स्प्रिंगसारखा दबतो, टाचेमागची जाड शीर ताणली जाऊन ऊर्जा साठवते आणि क्षणार्धात परत करते. प्रत्येक शरीराला अशी स्वतःची एक सोयीची लय असते. त्या लयीच्या आसपास थोडे मागेपुढे झाले तर ऑक्सिजनचा खर्च फारसा बदलत नाही. खूप दूर गेले की तो वाढत जातो.

म्हणजे धावणारा हा आधीच एका ठरावीक लयीत झुलणारा आंदोलक आहे आणि गाणे हा दुसरा आंदोलक आहे. दोन आंदोलक एकमेकांना ओढून एका लयीत आणू शकतात, हे डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने 1665 मध्येच पाहिले होते. एकाच आधारावर टांगलेल्या त्याच्या दोन घड्याळांचे लंबक काही वेळाने परस्परविरुद्ध दिशांनी, पण नेमके एका तालात झुलू लागत. आपल्या बाबतीत ही ओढ एकतर्फी आहे, कारण गाणे धावणाऱ्यासाठी थांबत नाही.

आता आकडे घेऊ. धावणाऱ्याची स्वाभाविक लय मिनिटाला 165 पावलांची आहे आणि कानात 170 ठोक्यांचे गाणे आहे. दोन पावलांमधले अंतर साधारण 364 मिलिसेकंद, दोन ठोक्यांमधले 353. धावणाऱ्याने गाण्याकडे पूर्ण दुर्लक्ष केले, तर प्रत्येक पाऊल ठोक्यापेक्षा आणखी 11 मिलिसेकंद मागे पडत जाईल, आणि 12 सेकंदांनी एक ठोका पूर्ण हुकून पाऊल व ठोका पुन्हा क्षणभर एकत्र येतील. मेंदू मात्र पूर्ण दुर्लक्ष करत नाही. पाऊल ठोक्याच्या मागे पडले की पुढचे पाऊल तो किंचित लवकर टाकायला लावतो, आणि त्यासाठी चूक जाणवण्याइतकी मोठी असण्याचीही गरज नसते. समजा, दर पावलाला चुकीचा एक तृतीयांश भाग दुरुस्त होतो. मग चूक साठत साठत तीसेक मिलिसेकंदांवर गेली की तिचा तिसरा हिस्सा, म्हणजे 11 मिलिसेकंद, दर पावलाला भरून निघू लागतो आणि गाडी तिथेच स्थिरावते. पाऊल ठोक्याच्या किंचित मागे, पण कायम तेवढेच मागे पडत राहते. धावणारा 170 च्या लयीत आलेला असतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

हीच गोष्ट 185 ठोक्यांच्या गाण्याने का होत नाही? आता दर पावलाला 39 मिलिसेकंदांची तूट आहे. ती भरून काढायची, तर पाऊल सुमारे 118 मिलिसेकंद मागे राहून ओढले गेले पाहिजे. पण ओढ चुकीबरोबर अमर्याद वाढत नाही. पाऊल दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये पडले, तर मागचा ठोका आणि पुढचा ठोका दोन्ही सारख्याच अंतरावर असतात आणि ओढ शून्यावर येते; सर्वांत जास्त ओढ साधारण पाव अंतरावर, म्हणजे इथे 81 मिलिसेकंदांवर असते, आणि तिथेही ती 39 मिलिसेकंदांना पुरी पडत नाही. परिणामी पाऊल घसरते, दर तीन सेकंदांनी ठोक्याला भेटते आणि पुन्हा सुटते. अमेरिकी अभियंता रॉबर्ट ॲडलर याने 1946 मध्ये रेडिओ मंडलांतील (सर्किटमधील) आंदोलकांसाठी जे समीकरण मांडले, ते नेमके हेच सांगते: कलांतराच्या (इथे पाऊल ठोक्याच्या किती मागे वा पुढे आहे त्याच्या) बदलाचा दर म्हणजे वारंवारतांमधला फरक, वजा ओढीचे बळ गुणिले कलांतराची साइन. साइनचे मूल्य एकापेक्षा जास्त होऊ शकत नाही, म्हणून ओढीच्या बळापेक्षा फरक मोठा झाला की समीकरणाला स्थिर उत्तरच उरत नाही. रेडिओच्या मंडलातून निघालेले एका ओळीचे हे समीकरण धावणाऱ्याच्या पायापर्यंत पोहोचते, याचे मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटते.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या चित्राशी छान जुळतो. 16 हौशी धावपटूंना 200 मीटरच्या फेऱ्या मारायला सांगितल्या. पहिली फेरी गाण्याविना झाली. दुसऱ्या फेरीत त्यांच्या केडन्सशी जुळणारे गाणे लावले. शेवटच्या दोन फेऱ्यांमध्ये गाण्याची लय 1 ते 3 टक्क्यांनी वाढवली, घटवली किंवा तशीच ठेवली. एवढा बदल सामान्य श्रोत्याच्या लक्षात येत नाही. पावले तरीही गाण्याच्या दिशेने सरकली, आणि जुळण्याला मर्यादा असल्याचेही दिसले. त्याच विद्यापीठात ‘डी-जॉगर’ नावाची यंत्रणा विकसित झाली. ती पायाजवळचे संवेदक वाचून गाण्याची लय बदलतेच, शिवाय ठोका आणि पाऊल एकाच क्षणी यावेत असेही पाहते. बाजारातली अनेक ॲप केवळ लय जुळवतात आणि क्षण जुळवायचे काम मेंदूवर सोडतात.

म्हणूनच ‘180 बीपीएमची (मिनिटाला 180 ठोक्यांची) गाणी ऐका, वेग आपोआप वाढेल’ हा सल्ला मला फसवा वाटतो. 180 या आकड्याचा उगम 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे. तिथे जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने धावपटूंची पावले मोजली तेव्हा बहुतेक सर्वांची 180 किंवा त्याहून अधिक निघाली. पण ते जगातले निवडक धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगाने धावत होते. 2016 च्या 100 किलोमीटरच्या जागतिक स्पर्धेत आघाडीच्या धावपटूंची सरासरी 182 आली खरी, पण व्यक्तिगणिक आकडे 155 पासून 203 पर्यंत पसरलेले होते. त्याहून हास्यास्पद प्रकार म्हणजे ‘432 हर्ट्झचे संगीत शरीराच्या नैसर्गिक स्पंदनांशी जुळते’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या याद्या. 432 हा सुराच्या उंचीचा, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांचा आकडा आहे, ठेक्याचा नाही. पाय सेकंदाला तीनेक वेळाच पडतात. आणि आपल्याकडे गायक गळ्याच्या सोयीने षड्ज (सा) लावत आले आहेत, त्यात कोणाचे स्पंदन बिघडल्याचे ऐकिवात नाही.

गाणे निवडायचेच असेल, तर नेहमीच्या पेसने धावताना अर्ध्या मिनिटातली पावले मोजून दुप्पट करावीत आणि त्या आकड्याच्या दोन-तीन टक्क्यांच्या आतले, किंवा बरोबर निम्म्या लयीचे गाणे घ्यावे. 84 ठोक्यांच्या गाण्यात 168 पावले चपखल बसतात. तालाचाही विचार करण्यासारखा आहे. एका मात्रेला एक पाऊल धरले, तर केरव्यात समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, डावा पाय पडल्यावर पाचव्या मात्रेच्या ‘खाली’लाही (टाळी न देण्याच्या जागेलाही) डावाच पडतो. दादऱ्यात मात्र सम डाव्यावर आणि चौथ्या मात्रेची ‘खाली’ उजव्यावर येते, त्यामुळे वजन दोन्ही पायांवर वाटले जाते. जुन्या चित्रपटगीतांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ती सगळ्या वादकांना समोर बसवून ध्वनिमुद्रित होत, त्यामुळे कडव्यात लय किंचित चढते आणि ध्रुवपदावर उतरते. ॲपने त्यांच्यापुढे छापलेला बीपीएम हा केवळ सरासरी आकडा असतो.