नसेचं इंजेक्शन: कमरेवरचं की मनगटातलं?

निपाणीत विड्या वळणारी बाई असो की वडगावातला मागावर बसणारा विणकर, हाताला मुंग्या यायला लागल्या की दवाखान्यात मागणी ठरलेली: “डॉक्टर, नसेचं इंजेक्शन मारा ओ.” या एका नावाखाली दोन अगदी वेगळी औषधं खपतात.

कमरेवर टोचतात ते लालसर पाणी म्हणजे बहुतेक वेळा बी-१२ जीवनसत्त्व. मनगटात देतात ते स्टिरॉइड. पहिलं अंगातली कमतरता भरून काढतं, दुसरं दबलेल्या नसेभोवतीची सूज उतरवतं. दबलेली नस बी-१२ने मोकळी होत नाही.

कुठलं आपल्या कामाचं, याचा पहिला अंदाज बोटांवरून येतो. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्या मधल्या अरुंद वाटेने बोटं वळवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. ती नस दबली की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी सुटते. हाच कार्पल टनेल सिंड्रोम. रात्री झोपमोड होते, हात खाली सोडून झटकला की बरं वाटतं. दिवसा विडीचा दोरा चिमटीतून निसटतो, ब्लाउजचा हुक लागत नाही. बी-१२ कमी असेल तर मुंग्या सहसा दोन्ही पायांपासून सुरू होतात आणि हातापर्यंत आल्या तर करंगळीलाही सोडत नाहीत. पक्के शाकाहारी आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे यांच्यात हे जास्त दिसतं.

मनगटातल्या सुईची लोकांना उगाच धास्ती असते. डॉक्टर अंगठा-करंगळी जुळवायला सांगतात, मनगटावर दोरी उठून दिसते, तिच्या आधाराने जागा ठरवतात; सोनोग्राफी असेल तर नस बघूनच सुई घालतात. औषध थोडंच, मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असेल तर साधारण ४० ते ८० मिलिग्रॅम. सुई जाताना बोटांत करंट मारल्यासारखं झालं तर दात आवळून बसू नका, लगेच सांगा. सुई नसेला लागत असू शकते. नंतर एक-दोन दिवस ठणका वाढू शकतो. मधुमेहींची साखर काही दिवस चढते, तेव्हा ती तपासत राहायची.

पण हा आराम कायमचा समजू नका. मनगटाला बाहेरून आधाराचा पट्टा बांधूनही फरक न पडलेल्या १११ रुग्णांवरचा स्वीडनमधला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांनी स्टिरॉइडवाल्यांचा त्रास नुसतं पाणी टोचलेल्यांपेक्षा कमी होता. तरी वर्षभरात ८० मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकीही ७३ टक्क्यांना शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणून त्रास नवा असेल तर आधी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधावा. गरोदरपणात सुरू झालेला त्रास बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप ओसरतो.

अलीकडे मनगटात ५ टक्के डेक्स्ट्रोजही देतात. सलाईनमधलंच ते ग्लुकोज, पण इथे ताकदीसाठी नाही, नसेला चिकटलेला भाग सोडवायला. त्यावरचे अभ्यास छोटे आहेत, निकाल मात्र आशादायक.

मला राग येतो तो न तपासता महिनोन्महिने कमरेवर सुया घेण्याचा. बी-१२ मारायचं तर आधी रक्त तपासायला द्या. सुईनंतर आकडा वर दिसतो आणि मूळ कमतरता होती की नाही ते कळत नाही. मिश्र इंजेक्शनांत बी-६ही असतं, ते फार दिवस जास्त प्रमाणात गेलं तर त्यानेच मुंग्या येतात. मधुमेहीला दोन्ही दुखणी एकदम असू शकतात, मग दोन्ही उपचार लागतील. आणि अंगठ्याखालचा मांसल उंचवटा खपाटीला गेला असेल, तर दोन्ही सुया बाजूला ठेवून हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला गाठा, मग बेळगाव जवळ पडो की कोल्हापूर.