टाकीत मासे किती ठेवायचे?

टाकी घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "यात किती मासे बसतील?" बसतील बरेच, जगतील किती, हे पाण्यावर आणि फिल्टरवर ठरतं.

आधी पाणी मोजा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 1000 ने भागलं की लिटर मिळतात. 60 × 30 × 30 ची टाकी कागदावर 54 लिटरची; पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता 45 च्या आसपास उरतात. पुढचा हिशेब या 45 वर करायचा.

'चार लिटरला एक इंच मासा' हा नियम तुम्ही ऐकला असेल. छोट्या, सडपातळ माशांना तो चालतो: या टाकीत दीड इंची निऑन टेट्रा सात-आठ. मोठ्या माशांना लावला की मात्र फसतो. लांबी दुप्पट झाली की माशाचं वजन जवळपास आठपट होतं, आणि खाणं नि घाण त्यामागोमाग वाढतात. हाच नियम 45 लिटरांत 11 इंची ऑस्करलाही परवानगी देतो, ज्याला तिथे धड वळताही येणार नाही!

शिवाय लांबी धरायची ती पूर्ण वाढीची. दोन इंची दिसणारा साधा गोल्डफिश पुढे आठ इंचांच्या वर जातो. काच साफ करेल म्हणून नेलेला सकर फूटभर होतो आणि स्वतःच सगळ्यात जास्त घाण करतो. 'शार्क' म्हणून विकला जाणारा पंगासियस मीटरभर वाढू शकतो. घरच्या टाकीसाठी तो आम्ही देतच नाही.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. सगळे मासे एकाच दिवशी नेऊ नका, आमची विक्री कमी झाली तरी चालेल. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरिनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या.

उंच, अरुंद टाकीत लिटर तेवढेच असले तरी मासे कमी ठेवा, कारण ऑक्सिजन पृष्ठभागातून मिसळतो. पाणी तापलं की तो आणखी घटतो.

गप्पी नर-मादी एकत्र नेलेत तर महिन्याभरात पिल्लं होतील, तीही मोजणीत धरा. फायटर नर एका टाकीत एकच. निऑन मात्र सहापेक्षा कमी नेऊ नका, बिचकून राहतात.

दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलूनही नायट्रेट 40 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 40 भाग) वर जात असेल, तर आधी खाद्य कमी करून पाहा. तरी उतरलं नाही, तर मासे जास्त झालेत. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. टेस्ट किट नसेल तर साबण न लागलेल्या बाटलीत टाकीचं पाणी आणा, आम्ही तपासून देऊ.