बांगलादेश कपड्यांचा देश कसा झाला

१९७१ साली बांगलादेश स्वतंत्र झाला तेव्हा त्याची निर्यात म्हणजे मुख्यतः ताग आणि तागाची पोती. आज निर्यातीतला ८० टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे, तोही कापूस नावापुरताच पिकणाऱ्या देशात. स्वस्त मजुरी, हे याचं ठरलेलं उत्तर. पण मजुरी तेव्हा कितीतरी देशांत स्वस्त होती. बांगलादेशला वाट मिळाली ती श्रीमंत देशांच्या कोट्यामुळे.

१९७४ पासून मल्टिफायबर करारानं कोरिया, हाँगकाँग, तैवानहून श्रीमंत देशांत जाणाऱ्या कपड्यांवर मर्यादा, म्हणजे कोटा, आला. कोरियाच्या देवू कंपनीला कोटा न लागलेला देश हवा होता. बांगलादेशचे माजी सनदी अधिकारी नुरुल कादर यांच्या देश गारमेंट्सशी तिनं करार केला आणि १९७९ मध्ये १३० जण शिवणकाम व व्यवस्थापन शिकायला कोरियातल्या बुसानला गेले. त्यातले बहुतेक पुढच्या काही वर्षांत कंपनी सोडून गेले; कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. कंपनीचा तोटा झाला, धंदा मात्र पसरला.

भांडवलाचा प्रश्न बँकेच्या कागदांनी सोडवला. परदेशी ग्राहकाच्या एलसीच्या, म्हणजे पैसे मिळतील या त्याच्या बँकेच्या लेखी हमीच्या, आधारावर बँक कापड मागवायला दुसरी एलसी उघडून देई. पैसे माल गेल्यावर चुकते करायचे. ही ‘बॅक-टू-बॅक’ एलसी. जोडीला बॉन्डेड गोदाम, म्हणजे निर्यातीच्या अटीवर आयात कापडाला शुल्क माफ. खिशात फारसं काही नसलेला माणूसही कारखानदार होऊ शकला. माझ्या मते या दोन सोयींचं श्रेय नेहमीच कमी सांगितलं जातं.

२००५ मध्ये कोटा संपला. आता चीन सगळं गिळणार असं भाकीत होतं. ते खोटं ठरलं. युरोपनं २००१ पासून शुल्कमुक्त प्रवेश दिला होता, आणि २०११ पासून अतिमागास देशांसाठी अट आणखी सैल केली: कापड कुठलंही असो, शिलाई देशात झाली की पुरे. होजिअरीचं कापड आता बरंचसं तिथंच बनतं. शर्ट-पँटचं अजूनही मोठ्या प्रमाणावर चीनहून येतं. डिझाइन, ब्रँड आणि दुकानातला नफा दुसरीकडेच.

२४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक माणसं मेली. अमेरिकेनं जीएसपी, म्हणजे गरीब देशांच्या मालाला आयात शुल्कात मिळणारी, सवलत थांबवली, पण त्या सवलतीत कपडे जवळजवळ नव्हतेच! प्रत्यक्ष फरक पडला तो ब्रँड आणि कामगार संघटनांमधल्या अ‍ॅकॉर्ड करारानं सुरू केलेल्या इमारतींच्या तपासणीनं.

भारताशी नातं मुख्यतः सुताचं. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशनं जमिनीवरच्या नाक्यांतून भारतीय सूत घेणं बंद केलं. मे महिन्यात भारतानं तिथले तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतूनच येतील, असं ठरवलं. त्याहून मोठा प्रश्न युरोपातल्या सवलतीचा. ती अतिमागास देशांसाठी आहे; त्या यादीतून बांगलादेशनं बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्येच नोव्हेंबर २०२६ ही मुदत ठरवली, आणि त्यानंतर युरोपची ही सवलत आणखी तीनच वर्षं मिळते.