गगन प्रणालीच्या आधारे एलपीव्ही अप्रोचची परवानगी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

गगन या भारतीय उपग्रह-आधारित संवर्धन प्रणालीचा, म्हणजे जीपीएसच्या चुका दुरुस्त करणाऱ्या व्यवस्थेचा, संकेत विनामूल्य मिळतो. त्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही. परंतु त्या संकेताच्या भरवशावर ढगांतून धावपट्टीकडे उतरायचे असेल, म्हणजेच एलपीव्ही अप्रोच (दिशेबरोबर उंचीचेही मार्गदर्शन देणारा, उपग्रहाच्या आधारे उतरण्याचा मार्ग) उडवायचा असेल, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजेच डीजीसीएची, परवानगी लागते आणि ती मिळवताना तीन गोष्टी स्वतंत्रपणे सिद्ध कराव्या लागतात : विमान त्या कामासाठी प्रमाणित आहे, ते चालवणाऱ्या संस्थेने त्यासाठी कार्यपद्धती लिहून अमलात आणली आहे आणि वैमानिकांना तिचे प्रशिक्षण मिळालेले आहे. विमानात गगनचा रिसीव्हर बसला म्हणजे परवानगीही आपोआप मिळाली, असा समज या क्षेत्रात बराच पसरलेला आहे. अर्ज अडकण्याचे मूळ बहुतेक वेळा याच समजात असते, म्हणून पुढील माहिती त्या दृष्टीने सविस्तर दिली आहे.

प्रणाली थोडक्यात

गगन ही भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून उभारलेली प्रणाली आहे. जम्मूपासून तिरुवनंतपुरमपर्यंत आणि पोरबंदरपासून दिब्रुगडपर्यंत पसरलेली १५ संदर्भ केंद्रे जीपीएसचे संकेत सतत टिपतात. नागपूरचे केंद्र त्यांपैकीच एक. ही मोजमापे बंगळुरूच्या नियंत्रण केंद्रात जातात, तेथे प्रत्येक उपग्रहाची चूक आणि आयनमंडलामुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, होणारा विलंब यांचा हिशेब होतो, आणि तयार झालेला दुरुस्तीसंदेश जीसॅट-८, जीसॅट-१० व जीसॅट-१५ या भूस्थिर उपग्रहांवरील गगनच्या प्रक्षेपकांमार्फत जीपीएसच्याच वारंवारतेवर प्रसारित होतो. प्रवासातील मार्गदर्शनासाठीची सेवा १४ फेब्रुवारी २०१४ पासून आणि उंचीच्या मार्गदर्शनासह अप्रोचसाठीची एपीव्ही-१ सेवा, जिच्यावर एलपीव्ही अप्रोच उडवले जातात, १९ मे २०१५ पासून उपलब्ध आहे.

अचूकता वाढते हा या सेवेचा सर्वांना दिसणारा लाभ आहे. डीजीसीएच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे ती विश्वासार्हतेची हमी. एपीव्ही-१ साठी आंतरराष्ट्रीय मानकाने आडव्या दिशेत ४० मीटर आणि उभ्या दिशेत ५० मीटर अशी इशारा-मर्यादा ठरवली आहे. स्थाननिश्चितीतील चूक या मर्यादेबाहेर गेली, तर वैमानिकाला १० सेकंदांच्या आत इशारा मिळालाच पाहिजे. साध्या जीपीएस रिसीव्हरकडून ही हमी मिळत नाही.

अर्ज कोणी करावा

अनुसूचित विमान कंपनी, बिगर-अनुसूचित सेवा चालवणारा परवानाधारक किंवा स्वतःच्या वापरासाठी विमान बाळगणारा मालक, यांपैकी कोणीही अर्ज करू शकतो. परवानगी मात्र त्या संस्थेच्या ठरावीक विमानांपुरती मिळते. एका विमानाची परवानगी दुसऱ्याला लागू होत नाही, मग दोन्ही एकाच प्रकारची का असेनात. हेलिकॉप्टरसाठीही हा मार्ग खुला आहे. जुहू ते पुणे या मार्गावर २०२३ मध्ये गगनच्या आधारे हेलिकॉप्टरचे प्रात्यक्षिक उड्डाण झाले होते आणि डोंगराळ भागातील सेवांसाठी त्याचे मोल मोठे आहे.

१ जुलै २०२१ नंतर भारतात नोंदणी होणाऱ्या विमानांवर गगनची उपकरणे असावीत, असा आदेश डीजीसीएने काढलेला आहे; त्याआधी २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणात यासाठी १ जानेवारी २०१९ ही तारीख धरली होती. हा आदेश उपकरणांपुरता आहे. त्यानुसार सुसज्ज विमान घेणाऱ्या संस्थेलाही एलपीव्ही अप्रोच उडवण्याची परवानगी वेगळीच घ्यावी लागते.

विमानाची पात्रता : येथे सर्वाधिक लक्ष द्यावे

पहिला प्रश्न रिसीव्हरच्या प्रमाणनाचा येतो. तो टीएसओ-सी १४५ किंवा टीएसओ-सी १४६ या अमेरिकी तांत्रिक मानकांनुसार, अथवा त्यांच्या युरोपीय समकक्षांनुसार, मान्य झालेला असावा. यांपैकी पहिले मानक विमानाच्या फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टिमला स्थान पुरवणाऱ्या संवेदकाचे आहे, तर दुसरे स्वतंत्र नेव्हिगेटरचे. या मानकांतही वर्ग पडतात, आणि वर्ग १ चा रिसीव्हर उपग्रहाची दुरुस्ती वाचत असला तरी त्यावर एलपीव्ही अप्रोच उडवता येत नाही. त्यासाठी वर्ग ३, किंवा काही बांधणींत वर्ग ४, लागतो. जुने विमान विकत घेताना विक्रेत्याने ‘एसबीएएस (उपग्रह-आधारित संवर्धन प्रणाली) आहे’ असे सांगितले, तर वर्ग कोणता हे लेखी मागावे.

दुसरा आणि निर्णायक कागद म्हणजे विमानाचे फ्लाइट मॅन्युअल किंवा त्याची पुरवणी. त्यात हे विमान एलपीव्ही मिनिमापर्यंत (धावपट्टी न दिसता जिथपर्यंत खाली येता येते ती किमान मर्यादा) अप्रोच उडवण्यास पात्र आहे, असे विधान असलेच पाहिजे. उपकरण नंतर बसवले असेल, तर पूरक प्रकार-प्रमाणपत्र (विमानाच्या रचनेतील बदलाची मान्यता) किंवा निर्मात्याचे सर्व्हिस बुलेटिन, ते काम पूर्ण झाल्याची देखभाल संस्थेची नोंद आणि त्या बदलाबरोबर आलेली फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी, असे तिन्ही कागद एकमेकांशी जुळावे लागतात. भाग क्रमांक आणि सॉफ्टवेअर आवृत्ती यांत एका अक्षराचाही फरक राहिला, तरी प्रकरण खुलाशासाठी परत येऊ शकते.

पुरवणी वाचताना मर्यादांचे पान आवर्जून पाहावे. काही उपकरणांचे प्रमाणन अमेरिकेच्या वास किंवा युरोपच्या एग्नॉस या संवर्धन प्रणालींपुरते झालेले असते आणि गगनचा उल्लेख नंतरच्या सॉफ्टवेअर आवृत्तीत येतो. काही रिसीव्हरमध्ये प्रत्येक संवर्धन प्रणाली चालू-बंद करण्याची सोय असते. तेथे गगन बंद ठेवलेले असेल, तर विमान भारतात साध्या जीपीएसवरच उडत राहील. तपासणीपूर्वी विमान मोकळ्या आकाशाखाली उभे करून रिसीव्हरवरील या निवडीचे पान उघडून पाहावे आणि त्याचे छायाचित्र नोंदीत ठेवावे.

संस्थेची कागदपत्रे

ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये, म्हणजे संस्थेच्या कार्यपद्धतींच्या पुस्तिकेत, एलपीव्ही अप्रोचसाठी स्वतंत्र भाग असावा. उड्डाणापूर्वी गगनविषयीच्या नोटॅम (वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचना) कशा पाहायच्या, अप्रोच निवडल्यावर कॉकपिटमध्ये कोणते शब्द दिसले पाहिजेत, अंतिम टप्प्यात ‘एलपीव्ही’ जाऊन ‘एलनॅव्ह’ (उंचीशिवाय केवळ दिशेचे मार्गदर्शन) दिसू लागले तर काय करायचे आणि कोणत्या टप्प्यावर पुन्हा वर चढायचे, हे सारे त्यात स्पष्ट लिहावे. निर्मात्याच्या पुस्तिकेतील मजकूर जसाच्या तसा उतरवणे पुरेसे ठरत नाही, कारण तो आपल्या ताफ्याला, आपल्या मार्गांना आणि दोन वैमानिकांतील कामाच्या वाटणीला धरून असावा लागतो. किमान उपकरण यादीतही, म्हणजे एमईएलमध्येही, रिसीव्हर किंवा दर्शक निकामी असताना कोणत्या मिनिमापर्यंत जाता येईल याची नोंद हवी.

प्रशिक्षण कार्यक्रमात जमिनीवरील वर्ग आणि सिम्युलेटरवरील सराव दोन्ही अपेक्षित असतात. सिम्युलेटरचा रिसीव्हर विमानातील रिसीव्हरसारखा वागतो का, हे आधी तपासून घ्यावे. वैमानिकांच्या नोंदींबरोबरच उड्डाण नियोजन करणाऱ्या डिस्पॅचरचे प्रशिक्षणही दाखवावे. ते अनेकदा राहून जाते.

नेव्हिगेशन डेटाबेसबाबत पुरवठादाराचे मान्यतापत्र जोडावे. एलपीव्हीमध्ये धावपट्टीकडे उतरणारा मार्ग ज्यातून तयार होतो, तो अंतिम टप्प्याचा माहिती-संच डेटाबेसमध्ये साठवलेला असतो. त्यात कोणती संवर्धन प्रणाली वापरायची याचा सांकेतिक आकडा असतो, गगनसाठी तो ३ आहे. शेवटी पडताळणीचा अंक जोडलेला असतो. संचातील एक जरी अंक बदलला, तरी पडताळणी जुळत नाही आणि रिसीव्हर तो अप्रोच स्वीकारत नाही. म्हणूनच डेटाबेस कोण भरतो, कोण तपासतो आणि चूक आढळल्यास कोणाला कळवतो, याची कार्यपद्धती डीजीसीए मागते.

अर्ज आणि तपासणी

डीजीसीएचे कामकाज आता ई-जीसीए या ऑनलाइन व्यवस्थेतून चालते. अर्ज त्या वेळी लागू असलेल्या नमुन्यात व शुल्कासह करावा. मूल्यांकन साधारणतः पाच टप्प्यांनी पुढे जाते : पूर्वचर्चा, औपचारिक अर्ज, कागदपत्रांची छाननी, प्रात्यक्षिक व तपासणी, आणि अखेर मान्यता. पूर्वचर्चेला औपचारिकता समजून घाई करू नये. प्रात्यक्षिक कोणत्या विमानतळावर, किती अप्रोच उडवून आणि कोणत्या निरीक्षकासमोर करायचे हे तेथेच ठरते.

अर्जाबरोबर एक अनुपालन तक्ता जोडावा, असा माझा आग्रह आहे. डाव्या रकान्यात नियमाची प्रत्येक अट आणि उजव्या रकान्यात ती आपल्या कोणत्या पुस्तिकेच्या कोणत्या परिच्छेदात पूर्ण झाली आहे, एवढेच त्यात लिहायचे. निरीक्षकाला शोधाशोध करावी लागत नाही आणि आपल्या त्रुटी अर्ज पाठवण्याआधी आपल्यालाच दिसतात. लहान संस्थांकडे यासाठी वेगळा विभाग नसतो हे खरे आहे. पण त्यांनाच या तक्त्याचा सर्वाधिक उपयोग होतो.

मान्यता मिळाल्यावर ती ऑपरेशन्स स्पेसिफिकेशन्समध्ये (संस्थेच्या मान्यतांची यादी) किंवा मालकाच्या परवानगीपत्रात नोंदली जाते. त्यानंतरच फ्लाइट प्लॅनच्या घटक १० मध्ये एलपीव्हीसाठीचे ‘बी’ हे अक्षर, उपग्रह दिक्चालनासाठीचे ‘जी’ आणि कामगिरी-आधारित दिक्चालनासाठीचे ‘आर’ लिहावे. संवर्धन प्रणालीचा तपशील घटक १८ मध्ये द्यावा. मान्यतेपूर्वी ‘बी’ लिहिणे म्हणजे नसलेली क्षमता जाहीर करणे होय.

विमानतळाची बाजू

विमान सज्ज असूनही गंतव्य विमानतळासाठी एलपीव्ही अप्रोच प्रसिद्ध झालेला नसेल, तर परवानगीचा तेथे उपयोग नाही. असा अप्रोच भारतीय विमानतळ प्राधिकरण तयार करते. त्यासाठी परिसरातील अडथळ्यांचे अचूक सर्वेक्षण, मार्गाची आखणी, प्रत्यक्ष उड्डाणातून पडताळणी आणि डीजीसीएची संमती एवढे टप्पे पार पडतात. मग तो २८ दिवसांच्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रकानुसार वैमानिकी माहिती प्रकाशनात येतो. राजस्थानातील किशनगढ येथे २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचे एटीआर-७२ विमान अशा अप्रोचने उतरले, ते याच क्रमातून. आयएलएससाठी, म्हणजे जमिनीवरील रेडिओ संकेतांनी उतरण्याचे मार्गदर्शन देणाऱ्या प्रणालीसाठी, धावपट्टीजवळ यंत्रणा उभारून तिची कायम निगा राखावी लागते, तर एलपीव्हीसाठी विमानतळावर तसे काहीच बसवावे लागत नाही. आयएलएसचा खर्च न परवडणाऱ्या छोट्या धावपट्ट्यांसाठी पावसाळ्यात विमान उतरणे आणि परत फिरणे यांतला फरक यामुळे पडू शकतो, आणि म्हणूनच ही प्रक्रिया शक्य तितक्या संस्थांनी पूर्ण करावी असे मनापासून वाटते.

परवानगी असली तरी पर्याय हवाच

भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे येथील आयनमंडल उत्तरेकडील देशांपेक्षा अधिक अस्थिर असते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात सूर्यास्तानंतर काही तास उपग्रहांचे संकेत लुकलुकतात आणि एपीव्ही-१ ची सेवा तात्पुरती खंडित होऊ शकते. गगनसाठी आयनमंडलाचे प्रतिमान इस्रोने भारतीय परिस्थितीला धरून विकसित केले आहे. तरीही नियोजन करताना एलपीव्ही मिळाला नाही तर एलनॅव्ह मिनिमा किंवा वेगळा पर्यायी विमानतळ पुरेसा ठरेल इतके इंधन आणि हवामान हाताशी असले पाहिजे. ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये हा मुद्दा भारतीय संदर्भात लिहिलेला असणे आवश्यक आहे.

संकेतांतील हस्तक्षेपाचा विषय यापेक्षा वेगळा आहे. जीपीएसचा संकेत दाबला गेला किंवा खोटा संकेत पाठवला गेला, तर गगनची दुरुस्ती त्यावर उपाय ठरत नाही. डीजीसीएने नोव्हेंबर २०२३ मध्ये यासंबंधी परिपत्रक काढले असून, अशा घटनांची ओळख, वैमानिकाची कृती आणि अहवाल यांची कार्यपद्धती संस्थेकडे असणे अपेक्षित आहे.

इतर वाहतूक

रेल्वे, रस्ते आणि सागरी वापरासाठी वरील प्रक्रिया लागू नाही. मच्छीमारांसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेले जेमिनी हे उपकरण गगनच्या उपग्रहांमार्फत वादळाचे इशारे आणि मासळी मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती, मोबाइल संपर्काच्या पलीकडे खोल समुद्रात, बोटीवरील फोनपर्यंत पोहोचवते. रेल्वेनेही गाड्यांची जागा आणि वेळ नोंदवण्याच्या आरटीआयएस प्रकल्पात इंजिनांवर गगनचा आधार घेणारी उपकरणे बसवली आहेत. या वापरांसाठी विमानासारखे प्रमाणन लागत नाही. मात्र त्यामुळेच विमान वाहतुकीसाठी तपासलेली विश्वासार्हतेची हमी तेथे जशीच्या तशी गृहीत धरता येत नाही; जीव धोक्यात घालणारा निर्णय केवळ त्या स्थानावर घ्यायचा असेल, तर संबंधित नियामकाच्या अटी वेगळ्याने पाहाव्या लागतात.

परवानगी टिकवणे

ताफ्यात नवे विमान आले, रिसीव्हर बदलला किंवा त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाले, तर तो बदल उड्डाणापूर्वी डीजीसीएला कळवून मान्यतेत दुरुस्ती करून घ्यावी. डेटाबेस दर २८ दिवसांनी नवा भरावा आणि त्याची मुदत संपलेली असल्यास एलपीव्ही अप्रोच उडवू नये. अप्रोचदरम्यान मार्गदर्शन खंडित झाल्याची प्रत्येक घटना तारीख, वेळ, विमानतळ आणि दिसलेला संदेश यांसह नोंदवावी. त्याच नोंदी पुढील तपासणीत आपल्या बाजूने बोलतात.