बटू दीर्घिकांमधील कृष्णविवरे

सूर्याच्या साधारणतः ३ अब्ज पटींपर्यंत तारकीय वस्तुमान असलेल्या दीर्घिकांच्या केंद्रभागी आढळणारी कृष्णविवरे. त्यांचे वस्तुमान बहुधा सूर्याच्या १० हजार ते १० लाख पट असते. आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराचे सुमारे ४० लाख पट आहे.

त्यांना महत्त्व आले ते आद्य कृष्णविवरांच्या उगमाच्या वादामुळे. मोठ्या दीर्घिका वारंवार विलीनीकरणातून घडल्याने तेथे आरंभाच्या खुणा पुसल्या गेल्या आहेत. बटू दीर्घिकांत त्या काही अंशी टिकून असाव्यात. ही आद्य कृष्णविवरे, म्हणजे पुढील वाढीची बीजे, पहिल्या पिढीतील ताऱ्यांचे अवशेष (सुमारे १०० सौरवस्तुमाने) असतील, तर बहुतेक बटू दीर्घिकांत कृष्णविवर सापडावे. प्रचंड वायुमेघ थेट कोसळून (१० हजार ते १ लाख सौरवस्तुमाने) ती झाली असतील, तर मोजक्याच दीर्घिकांत.

फिलिपेंको व सार्जंट यांनी १९८९ मध्ये एनजीसी ४३९५ या सुमारे १.४ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेचे केंद्र सक्रिय (कृष्णविवरात पडणाऱ्या वायूमुळे तेजस्वी) असल्याचे दाखविले. तेथील कृष्णविवराचे वस्तुमान मात्र अद्याप वादग्रस्त आहे. केंद्राचे तेज बदलल्यावर भोवतालचा वायू किती उशिराने प्रतिसाद देतो, यावरून वायूचे अंतर मिळते. वर्णरेषेच्या रुंदीवरून त्याचा वेग, आणि या दोहोंवरून वस्तुमान. कार्बनची जंबुपार रेषा वापरून २००५ मध्ये सुमारे ३.६ लाख, तर हायड्रोजनची तांबडी रेषा वापरून २०१९ मध्ये सुमारे १० हजार सौरवस्तुमाने असे उत्तर आले. दोन्ही वेळा विलंब तास-दीड तासाच्याच आसपास होता. फरक मुख्यतः वेगाचा, आणि वस्तुमानात वेगाचा वर्ग येतो. केंद्राजवळील वायूच्या गतीवरून २०१५ मध्ये काढलेले मूल्य सुमारे ४ लाख आहे. त्याची अनिश्चितता मोठी असली तरी ही पद्धत वेगळी असल्याने मोठ्या मूल्याकडे कल राहणे गैर नाही.

हेनाइझ २-१० या बटू दीर्घिकेतील रेडिओ व क्ष-किरण स्रोत कृष्णविवर असल्याचे रेन्स व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडले. तो अतिदीप्त नवताऱ्याचा अवशेष असावा, असा प्रतिवाद झाला. हबल दुर्बिणीच्या वर्णपटांत २०२२ मध्ये स्रोतातून निघणारा वायुप्रवाह दिसल्यावर पहिले मत बळकट झाले.

सुमारे २५ हजार बटू दीर्घिकांच्या वर्णपटांतून २०१३ मध्ये १३६ ठिकाणी सक्रियतेच्या खुणा मिळाल्या. यावरून एकूण प्रमाण ठरविता येत नाही : भक्ष्य न मिळालेले कृष्णविवर वर्णपटात उमटत नाही, आणि जोमदार तारकानिर्मितीत क्षीण केंद्र झाकले जाते. शेजारच्या, बटू वर्गाहून किंचित मोठ्या एम ३३ या दीर्घिकेत ताऱ्यांच्या गतीवरून काही हजार सौरवस्तुमानांहून मोठे कृष्णविवर नसल्याचे दिसते.