वजन बरोबर, उंची कमी : खुजेपणाच्या नोंदीमागचा इतिहास

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतली अंगणवाडी. दोन वर्षांच्या मुलीला उंची मोजायच्या फळीवर आडवं निजवलंय. मदतनीस डोकं धरते, सेविका गुडघे हलकेच दाबून तळपायाला सरकफळी टेकवते. पोरगी भोकाड पसरते. उंची 78 सेंटिमीटर, वजन 9 किलो 400 ग्रॅम. वजनाच्या तक्त्यावर ठिपका हिरव्यात, म्हणजे वजन ठीक. पण या वयाच्या मुलीची मध्यम उंची 86.4 सेंटिमीटर असते आणि 80 च्या खाली गेलेली मुलगी खुजी धरतात.

"तिचा बापच ठेंगणा आहे नं बाई," आई म्हणते.

बाईंना हे नवं नाही. शिकलेल्या मंडळींनीही बरीच वर्षं असंच काहीसं म्हटलं होतं.

वाळलेल्या पोराला आपण 'सुकटी लागली' म्हणायचो. 'खुरटणं' मात्र रोपट्यासाठी राखून ठेवलं. शास्त्रातही ही फोड उशिराच झाली. रोडावणं वेगळं आणि उंची खुंटणं वेगळं, हे ब्रिटिश डॉक्टर जॉन वॉटरलो यांनी 1970 च्या दशकात ठळकपणे मांडलं. त्याआधी कुपोषण म्हणजे प्रथिनांची कमतरता, असाच सगळा भर होता. आपल्या सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि हैदराबादचे पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी त्याला छेद दिला : मुलाला मुळात अन्नच पुरत नसेल, तर नुसत्या प्रथिनांच्या भुकटीने काय साधणार? 1980 च्या सुमारास डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 'लहान पण निरोगी' असा मुद्दा काढला, म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेतलेलं छोटं शरीर. गोपालन यांनी तो खोडून काढला. माझ्या मते तो गरिबांसाठी वेगळी फूटपट्टी लावण्याचाच प्रकार होता.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडीत वजनकाटा आला आणि कुपोषणाच्या श्रेणी ठरू लागल्या, त्याही वजनावरूनच. 1993 मध्ये मेळघाटातले बालमृत्यू गाजले आणि कुपोषण म्हणजे मेळघाट हे समीकरण पक्कं झालं. नागपूरकरांना ते सोयीचंच होतं. कुपोषण तिकडे जंगलात, आपल्या नाल्याकाठी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे नवे तक्ते 2006 मध्ये आले. ते सहा देशांतल्या निरोगी, नीट पोसलेल्या मुलांवरून काढले होते, त्यांत दिल्लीचीही मुलं होती. खायला-प्यायला मिळालं तर पहिल्या पाच वर्षांत मुलं सगळीकडे जवळपास सारखीच वाढतात, हे त्यातून दिसलं. बापाच्या ठेंगणेपणाचं उत्तर तिथेच लंगडं पडलं. महाराष्ट्रात खुज्या बालकांचं प्रमाण 2005-06 मध्ये 46 टक्क्यांच्या आसपास होतं. दहा वर्षांत ते 34.4 वर आलं, आणि 2019-21 च्या पाहणीत 35.2. घसरण तिथेच अडली.

मग कारण काय? वाढ खुंटते ती बहुतांशी गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत. आईचं रक्त कमी, लग्न लवकर, बाळ अडीच किलोच्या आत. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू व्हायचं, तेव्हा आई सकाळीच मजुरीसाठी ठिय्यावर उभी असते. पोरगं थोरल्या बहिणीच्या कडेवर, हातात चहात बुडवलेलं बिस्कीट. पोट भरतं, डाळ, अंडं, भाजी राहून जाते. वर जुलाब. घाणीतले जंतू सतत पोटात गेले की आतड्याला सूज राहते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही.

ज्या शहरात 1958 पासून सांडपाण्यावर संशोधन करणारी, आज 'नीरी' म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे, तिथे हे कारण चटकन पटावं. पण इथेही गुंता आहे. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत घरोघरी शौचालयं, हात धुणं यांचे मोठे प्रयोग झाले. 2018-19 मध्ये निकाल आले : उंची त्याने वाढली नाही. पूरक आहाराने वाढली, तीही थोडीच. एका घराला संडास मिळाला तरी अंगण, कोंबड्या आणि शेजारचा नाला तसाच राहतो, असं एक स्पष्टीकरण आहे.

फळीवरच्या मुलीची आई याच वस्तीत वाढली. विशीतली आहे, तीही ठेंगणीच. लहानपणी याच अंगणवाडीत दर महिन्याला तिचं वजन व्हायचं. उंची कुणी घेतली नव्हती. तेव्हाच्या रजिस्टरात तो रकानाच नव्हता.